कपारीतलं कोकरू

आये, पंचेचाळीस वर्षं मी तुला खोटारडी समजत आले. तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तुझ्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती, आणि छाती झाली तेव्हा तू उरली नव्हतीस. तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. साताऱ्यातल्या माझ्या घराच्या गॅलरीत बसून हे लिहितेय, शेजारी चहा निवतोय, आणि पहिलाच संशय हा येतोय की हे तुझ्यासाठी लिहितेय की आपली बाजू सारवून घ्यायला. तुला अक्षरओळख नव्हती. रेशनच्या दुकानात अंगठा उठवायचीस तोही असा दाबून की दुकानदार म्हणायचा, हळू, कागद फाटंल. त्या अंगठ्याच्या पेरावर लोकर कातरायच्या कातरीची आडवी खूण होती. ती खूण लक्षात ठेव, पुढे तिच्यावरून बरंच काही घडणार आहे.

माझं काम काय आहे हे तुला धड कधी कळलं नाही. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच कामाला लागले होते, आणि तू गावभर सांगितलंस की पोरगी देवळं झाडती. फार चुकीचं नव्हतं ते. जुन्या देवळांच्या भिंतींवर चित्रं असतात. लोक भक्तीच्या भरात त्यांच्यावर ऑइलपेंट फासतात, मूर्तीवर शेंदराची पुटं चढवतात, आणि मग आमच्यासारख्यांना कापसाचे बोळे आणि बारीक सुऱ्या घेऊन ते सगळं कणाकणानं उतरवावं लागतं, खालचं मूळ शाबूत ठेवून. इतकी वर्षं हेच करतेय. जुन्यावर नवा रंग मारणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. भिंत कितीही भोळी दिसली तरी तिच्याखाली कोणीतरी काहीतरी दडवलंय असं धरूनच मी चालते, आणि हे खूळ आता घरातही शिरलंय. माझे यजमान म्हणतात, हिला दुधाच्या पातेल्यातही थर दिसतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. माणमधल्या एका शाळेतले भूगोलाचे मास्तर पोरांना घेऊन डोंगरावर झाडं लावायला गेले होते. पाऊस आला म्हणून एका कपारीत शिरले, तर आत दगडावर तांबड्या रंगात जनावरांचा कळप. मास्तरांनी फोटो काढून चार ठिकाणी पाठवले आणि फिरत फिरत ते माझ्याकडे आले. वीसेक मेंढरं एकामागे एक चाललेली, साध्या जाड रेघांची, आणि सगळ्यात मागे, कळपापासून वीतभर सुटलेलं, मान वळवून मागे बघणारं एक कोकरू. मी फोटो मोठा करून पाहिला आणि खरं सांगते, हसले. ती आपली कपार होती. आणि ते कोकरू मी काढलेलं होतं.

तो दिवस मला आजही स्वच्छ दिसतो. मी आठ वर्षांची आहे. मेंढरांच्या वाड्यावरची कातरणी उरकलीय, कातरलेल्या मेंढरांच्या पाठीवर आपल्या खुणेची तांबडी काव ओढून झालीय, आणि वडील मेंढरं घेऊन ओढ्याला गेलेत. तू उरलेली काव जर्मनच्या पातेल्यात घेतेस, तिच्यात मेंढीचं दूध पिळतेस, काठीनं घोटतेस आणि मला म्हणतेस, चल. आपण दोघी कपारीत जातो. तू आधी ओल्या फडक्यानं दगड पुसतेस, बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहतेस, मग बोट बुडवून रेघ ओढायला लागतेस. पाय संपला की अंगठा टेकवतेस. मी पाठीमागे उभी राहून बघतेय आणि मला काही केल्या मेळ लागत नाही. कारण वाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तूच सांगायचीस, ती देवाची मेंढरं हायत, मानसाच्या हातची न्हाईत, हात लावू नका. आणि इथे तूच ती रंगवत होतीस. आठ वर्षांच्या पोरीला याचा एकच अर्थ लागला. देव खोटा होता असं नाही, तू खोटी होतीस.

त्याच आठवड्यात म्हसवडच्या व्यापाऱ्यानं माझं कोकरू नेलं होतं. माझं म्हणजे मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. गळ्यात दोरी घालून तो त्याला ओढत होता आणि ते सारखं मागे वळून बघत होतं. तू रेघा ओढण्यात गुंग असताना मी पातेल्यात बोट बुडवलं आणि शेवटच्या मेंढराच्या मागे ते काढलं, जसं जाताना दिसलं तसं. तू वळून पाहिलंस आणि माझ्या कानाखाली अशी दिलीस की मी पातेल्यावर पडले. तू एवढंच म्हणालीस, "नवं काडायचं न्हाई. हाय त्येवरनंच हात फिरवायचा." वाटेत मी रडत होते तर तू एकदाही जवळ घेतलं नाहीस. मला वाटलं, तुझ्या लबाडीत तुला भागीदार नको होता.

आता सांग, असा फोटो समोर आल्यावर मी काय समजायचं. मी शिकलेली, संशयावरच भाकरी खाणारी बाई. मी कोणाला काही बोलले नाही. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तीत रंगांची जाणकार म्हणून माझंही नाव आलं, तरी मी गप्प. मला प्रत्येकाचाच संशय येत होता. मास्तर फार उत्साही होते. सरपंच दुसऱ्याच दिवशी 'आदिमानवाची कपार' असा फलक लावून मोकळे झाले होते आणि फलकावर चित्र कशाचं, तर माझ्या कोकराचं. समितीचे प्रमुख साहेब मोठे विद्वान, पण कोकरापुढे गुडघे टेकून म्हणाले की मागे वळून बघणारं असं जनावर त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, दिसणार कसं, ते म्हसवडच्या बाजारात गेलं.

मी भिंग लावून कळप पाहिला. पायांच्या टोकांना अंगठे होते, आणि अंगठ्यांच्या मधोमध आडवी फट. तुझी कातरीची खूण, आये. एवढ्या वर्षांनी तुझा हात समोर आला आणि माझ्या मनात काय आलं असेल, तर, सापडलीस. याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं. कळपातल्या मेंढरांचे नमुने खरवडून प्रयोगशाळेत पाठवले. काव ही तांबडी माती, ती डोंगराइतकीच जुनी, ती कोणी कधी फासली हे तिला सांगता येत नाही. पण तिच्यात डिंक, चरबी, दूध असं काही जिवाचं मिसळलेलं असलं तर त्यावरून काळ काढता येतो. निकाल आला की रंगात दूध आहे आणि ते काही दशकांपूर्वीचं आहे. मी अहवालात लिहिलं की चित्रं अलीकडची, मेंढपाळांनी काढलेली, जतन करण्याजोगं काही नाही. साहेबांनी जड मनानं सही केली. तो अंगठा कोणाचा हे मी लिहिलं नाही. आपल्या आईची चोरी जगापुढे मांडायची आणि ती आपली आई आहे हे मात्र लपवायचं, इतकी हुशारी मला जमली.

त्या अहवालाची वाट बघत कोणी बसलं असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पवनचक्क्यांच्या रस्त्याला खडी लागणार होती आणि एका ठेकेदारानं त्या डोंगराची सोंड मागितली होती. समितीमुळे अडलेली परवानगी अहवालानंतर सुटली. हे मला थोरल्या काकूनं फोनवर सांगितलं. तुझी जाऊ अजून आहे, नव्वदीला टेकलीय, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. म्हणाली, सुरुंगासाठी कपारीच्या डोक्यावर चुन्याच्या फुल्या मारल्यात, तुज्या आयची कपार जाती आता. मी म्हटलं, जाऊ दे काकू, आईनंच काढलेली चित्रं ती, त्यात काय एवढं.

मग काकू म्हणाली, "तुजी आय काडत न्हवती गं. पान्यानं पुसलं की दगडाच्या आतली रेघ वर दिसती. त्या रेघवरनं बोट फिरवायचं, लय जपून. आमाला सासूनं दावलं, तिला तिच्या सासूनं."

मी म्हटलं, तिच्या सासूनं तरी काढली असतील. काकू म्हणाली, तू शिकलीस खरी पर तुला ऐकाया येत न्हाई. आणि फोन ठेवला.

रागच आला मला. माझा संशय तसा सहज हटत नाही, आणि गावची म्हातारी माणसं प्रत्येक गोष्ट सासूच्या सासूवर नेऊन ठेवतात. पण ते ओलं फडकं डोळ्यांपुढून जाईना. तू दगड पुसायचीस ते मी स्वच्छता समजत होते. बोट टेकवण्याआधी तू इतका वेळ काय बघायचीस हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. रविवारी एकटीच गाडी काढून गेले. दहिवडीला वळून, धुळीच्या वाटेनं, कपारीशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. चुन्याच्या फुल्या खरंच होत्या. मी पिण्याच्या बाटलीतलं पाणी रुमालावर घेतलं आणि कळपाच्या वरच्या अंगाला, जिथे तुझा हात पोचला नसेल अशा उंचीवर, गाडीतली घडीची शिडी लावून दगड पुसला. कपारीच्या छतातून पाणी झिरपून दगडावर चुन्यासारखी पांढरी साय धरलीय. ती वर्षानुवर्षांत केसभर वाढते. सुकी असताना तिच्याखालचं काही दिसत नाही. ओली झाली आणि तिच्या आतून एक तांबडी पाठ वर आली, मग शिंगं, मग पाय. पायाला अंगठा नव्हता.

मी शिडीवर बसून राहिले. आये, मी तिथे खूप रडले, आणि रडतानाही एक डोळा त्या रेघेवर होता की हा भास तर नाही. पुढचं सगळं रीतसर झालं. मी समितीला पत्र लिहिलं, माझा अहवाल चुकला म्हणून सांगितलं. तुझ्या रंगाच्या खाली साय आहे आणि सायीच्या खाली जुना रंग आहे हे दाखवलं. आम्ही काढलेलं वय चित्राचं नव्हतंच, ते आपल्या मेंढीच्या दुधाचं होतं. सायीचं वय निराळ्या रीतीनं काढता येतं, आणि साय जितकी जुनी, तिच्याखालची रेघ तिच्याहून जुनीच असणार. आकडा आला. तो तुला सांगून उपयोग नाही, तू शंभराच्या पुढे विसाच्या हिशोबात मोजायचीस. एवढंच सांगते की सासूच्या सासूच्या कितीतरी पलीकडचा आहे. सुरुंग थांबले, फुल्या पुसल्या.

बैठकीत साहेबांनी विचारलं, वरचा रंग कोणाचा हे तुम्हाला इतक्या खात्रीनं कसं ठाऊक. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ती माझी आई होती. अंगठा तिचा आहे." हे आधी का सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं, आणि मी थरांचा तक्ता पुढे सरकवला. तेव्हापासून साहेब माझा प्रत्येक कागद दोनदा वाचतात. मी त्यांच्या जागी असते तर तीनदा वाचला असता.

एक गोष्ट मात्र मी त्या बैठकीतही बोलले नाही. कोकराची.

कारण लगेच ठरलं की नमुन्यादाखल दोन-तीन जनावरांवरचा नंतरचा रंग उतरवायचा आणि खालचं मूळ मोकळं करायचं. हे काम माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं असणार. साहेब म्हणाले, सुरुवात कोकरापासून करा, तेच लोकांच्या मनात बसलंय. मी मान डोलावली. विचार केला, बरंच झालं. आधी माझंच पाप पुसू. त्याच्याखाली काही सापडणार नाही, मी सांगेन की हे एक नवं होतं, आणि विषय मिटेल. नाहीतरी जुन्यावर नवं काढणाऱ्यांचा मला राग, मग स्वतःला सूट कशाला.

गेल्या महिन्यात कपारीत बसून मी कोकराच्या मागच्या पायाशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा उघडली. नेहमीची रीत आहे, आधी एका कडेला बारीक खिडकी करायची, थर मोजायचे, मग हात घालायचा. सगळ्यात खाली दगडावरची साय. तिच्यावर माझी काव, जाड, ओबडधोबड, लहान पोराच्या बोटानं थापलेली. आणि तिच्यावर एक पातळ थर. त्यावर आणखी एक. दोन थरांमध्ये वर्षाची धूळ. मी भिंग पुसलं, पुन्हा मोजलं. अठरा. एकावर एक अठरा थर, सगळे सारखे, सगळे माझ्याच रेघेवरून, एक केसही बाहेर न जाता. आणि पायाच्या टोकाला अंगठा.

मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं संशय घेऊन फिरणाऱ्या बाईला सगळ्यात सोपा संशय आलाच नाही. आठ वर्षांच्या पोरीनं एकदा बोटानं काढलेलं कोकरू इतकं ठसठशीत उरलंच कसं. फोटोत पाहिल्याबरोबर हे विचारायला हवं होतं. अकराव्या वर्षी तू मला दहिवडीच्या वसतिगृहात टाकलंस. तू भेटायला यायचीस तेव्हा तुझ्या लुगड्याला मेंढरांचा वास यायचा आणि मी तुला फाटकाबाहेरच उभी करायचे. पुढे सुट्टीतही येणं टाळलं. तू कधी विचारलं नाहीस की का येत नाहीस. मला वाटलं, तुझं काही अडत नसेल. आणि तू दरसाल कातरणी झाली की पातेलं घेऊन कपारीत जायचीस, सगळा कळप उजळायचीस आणि शेवटी त्याच्यापाशी बसायचीस. तू गेलीस त्या साली कातरणी व्हायची होती. मी बोटांवर हिशोब केला. अठराच भरतात.

तरी खात्री करून घ्यायची सवय जात नाही. संध्याकाळी काकूकडे गेले, विचारलं, ते शेवटचं कोकरू आई का रंगवायची, ते तर नवं होतं ना. काकू भाकरी मोडत होती. म्हणाली, मीबी इचारलं हुतं तिला येकदा, नवं काडायचं न्हाई म्हनतीस आन् हे कशाला उजळतीस. मग तिनं तुझं बोलणं तुझ्याच आवाजात सांगितलं.

"म्हनली, आता आलंय न्हवं कळपात. मग त्येला येकट्याला कसं सोडायचं."

काकूनं मला भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी कपारीत परत गेले. पुढे चाललेल्या दोन मेंढरांवरचा रंग ठरल्याप्रमाणे उतरवला. तुझे थर बोळ्यावर तांबडे होऊन येत होते, बोळे मी नोंद करून डब्यात ठेवलेत, फेकले नाहीत. खालून जुन्या रेघा निघाल्या. साहेब आले, बघून समाधान पावले. मग त्यांनी कोकराकडे बोट केलं. मी म्हटलं, अडचण आहे, अहवालात लिहिते.

तो अहवाल काल रात्री नव्हे, आज सकाळी चांगल्या उजेडात, शुद्धीवर राहून लिहिला. प्रत्येक आकृतीपुढे तिची स्थिती लिहायचा एक रकाना असतो. कोकरापुढे मी लिहिलं, 'येथील खडक पोपडे धरत असून रंग उतरवल्यास पृष्ठभाग निखळण्याचा धोका आहे. स्पर्श करू नये.' खाली सही केली. साहेब हे दोनदा वाचतील. ती उघडलेली दाण्याएवढी खिडकी मी काव आणि दूध कालवून बुजवली. दूध गाईचं, पिशवीतलं, मेंढीचं मिळालं नाही. नवीन काही काढलं नाही, होत्या त्या रेघेवरूनच बोट फिरवलं. तुझ्या हिशोबात ते एकोणिसावं.

चहा पार थंड झाला. हा कागद मी बोळ्यांच्या डब्यात, तुझ्या रंगाशेजारी ठेवणार आहे, अहवालाच्या पाकिटात नाही. आयुष्यभर लोकांच्या रंगाखालचं खोटं शोधत आले आणि पहिल्यांदाच आपल्या हातानं एक लिहिलं. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगते. आये, तिथला खडक अगदी पक्का आहे.